उथळ खाडीसाठी होडी कशी निवडावी?

आपल्या कोकणात खाड्या पुष्कळ. सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोटची खाडी. वाशिष्ठी मिळते तिथे दाभोळची. शास्त्रीची जयगडला, काजळीची भाट्याला. या खाड्यांत बोय मिळते, काळुंदर मिळते, शिंगाळा मिळतो. कोळंबी आणि खेकडे तर आहेतच. मोठा मचवा नसला तरी लहान होडी आणि एक पाग यांवर घरची मीठभाकर चालते.

पण होडी कोणती घ्यावी? पैसे एकदाच जातात. चुकीची होडी घेतली तर पैसे जातात आणि पोटही भरत नाही. म्हणून हा पाठ नीट वाचा. वाचता येत नाही अशा शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

आम्ही कसे फसलो

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघा भावांनी एक जुनी होडी विकत घेतली. लांबी बावीस फूट. रंग नवा, बाजू उंच, तळाला जाड कणा. होडी दिसायला नवरीसारखी! आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण ठेवून पैसे उभे केले.

पौर्णिमेचा दिवस होता. दुपारच्या भरतीवर आम्ही खाडीत आत गेलो. जाळे टाकले. मासळीही बरी लागली. जाळे ओढण्याच्या नादात ओहोटीकडे लक्षच राहिले नाही. साडेतीनच्या सुमारास होडीचा कणा चिखलात रुतला. थोरला भाऊ ढकलायला खाली उतरला, तो मांडीपर्यंत चिखलात गेला. खालच्या कालवांनी पाय कापला. होडी तसूभर हलली नाही. पाणी मात्र बघता बघता निघून गेले.

पुन्हा भरती चढून होडी सुटेपर्यंत रात्रीचे आठ वाजून गेले. मासळी उन्हात खराब झाली. भावाच्या पायाचे रक्त थांबत नव्हते. किनाऱ्यावर आई कंदील घेऊन उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आलात ना दोघे? चला, जेवा."

दुसऱ्या दिवशी वाडीतले म्हातारे तांडेल होडी बघायला आले. चारी बाजूंनी फिरून ते म्हणाले, "पोरांनो, होडी चांगली आहे. पण ही समुद्राची. तुम्ही विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून घेतलीत, खाडीच्या तोंडाकडं बघितलंच नाहीत."

तांडेलांनी त्या दिवशी जे सांगितले आणि पुढे आम्ही जे शिकलो, ते इथे लिहिले आहे.

आधी खाडी मोजा

होडी बघायला जाण्याआधी आपली खाडी बघा. एक लांब बांबू घ्या. त्यावर वीत-वीत अंतरावर खुणा करा. भरतीला आणि ओहोटीला रोजच्या जागी बांबू उभा धरा. पाणी किती वीत आहे, ते वहीत लिहा. तळ वाळूचा आहे, चिखलाचा आहे की कालवांच्या खडकाचा, तेही लिहा.

भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस. चोवीसला चारने भागले की सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज मुंबईच्या बाजूचा आहे. गावोगाव थोडा फरक पडतो, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते. पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा चढ-उतार थोडी. उधाणाच्या ओहोटीला जिथे चालता येईल, तिथेच होडीची खरी परीक्षा असते.

होडी पाण्यात किती बुडेल?

याचे गणित सोपे आहे. होडी तिच्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर खोल एवढ्या पाण्याचे वजन १०० किलो भरते. दहा सेंटीमीटर म्हणजे साधारण अर्धी वीत.

आता समजा, होडीचा सपाट तळ २ चौरस मीटर आहे. होडीचे वजन ६० किलो. दोन माणसे १२० किलो. जाळे आणि मासळी २० किलो. सगळे मिळून २०० किलो. म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. होडी दहा सेंटीमीटर बुडेल. तिसरा माणूस ६० किलोचा बसला, तर तेरा सेंटीमीटर बुडेल. तळ टोकांकडे निमुळता असतो, म्हणून खरी होडी याहून थोडी जास्त बुडते.

यातून दोन गोष्टी कळतात. तळ रुंद आणि सपाट असेल तर होडी कमी बुडते. होडी हलकी असेल तरीही कमी बुडते. आमच्या होडीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात वर गेलो की होडी किंचित जास्त बुडते, कारण गोडे पाणी हलके असते. हेही ध्यानात असू द्या.

आकार कसा असावा?

लांब आणि अरुंद होडी सरळ व जोरात जाते, पण वळायला जागा मागते. आखूड आणि रुंद होडी सावकाश जाते, पण खारफुटीच्या चिंचोळ्या वाटेत चटकन वळते. पाग उभे राहून टाकावा लागतो. त्यासाठी रुंदी हवी. एकट्या माणसाला दहा ते बारा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद होडी खाडीत पुरते.

सपाट तळाचा एक दोष आहे. लाटेवर तो आपटतो. म्हणून अशी होडी घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर समुद्रात जाऊ नये. बाजू फार उंच नकोत. उंच बाजूंवर वारा भरतो आणि होडी वाहवत जाते. सुकाणू असेल तर ते वर उचलता येणारे असावे. नाहीतर उथळ पाण्यात आधी तेच मोडते.

मालवणकडे होडीला उलांडी असते. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला तरंगते लाकूड. त्याने होडी उलटत नाही. मोकळ्या पाण्याला ती फार चांगली. पण खारफुटीच्या मुळांत तीच अडकते.

लाकूड, फायबर की प्लॅस्टिक?

कोकणात आंब्याचे खोड कोरून होडी करण्याची जुनी रीत आहे. लाकडी होडी गावच्या सुताराला दुरुस्त करता येते. पण ती जड असते. खाऱ्या पाण्यातले किडे लाकूड पोखरतात. म्हणून ती वरचेवर वर ओढून, वाळवून, तेल द्यावे लागते.

फायबरची होडी हलकी. तिला कीड लागत नाही. मात्र कालवांच्या खडकावर घासली की तडा जातो. तडा लहान असतानाच बुजवावा. जुनी फायबरची होडी घेताना तळ बोटांनी ठोकून बघा. आवाज एकसारखा आला पाहिजे. कुठे बद्द आवाज आला, तर आत पाणी शिरले असण्याचा संभव आहे.

अलीकडे कयाक नावाची होडी दिसते. ही मूळची बर्फाळ उत्तरेकडची. ग्रीनलँड, अलास्का या मुलखांतले लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करत. एकच माणूस आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे. आता ती प्लॅस्टिकची मिळते. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पाहुणे कर्ली खाडीत तिच्यातून फिरतात.

मासेमारीसाठी कयाक घ्यायची तर वर बसायची घ्यावी, आत पाय घालून बसायची नको. वर बसायच्या कयाकला आरपार भोके असतात. वर आलेले पाणी त्यांतून निघून जाते. ही होडी ठोकर सहन करते आणि दोन माणसे सहज उचलतात. पण भोक पडले तर साध्या गोंदाने सांधत नाही. उन्हाने प्लॅस्टिक कच्चे होते, म्हणून ती सावलीत ठेवावी. मासळी फार ठेवता येत नाही. एका माणसाच्या गळाला आणि थोड्या जाळ्याला ती बरी. दोघांचा संसार तिच्यावर चालवायचा, तर रुंद फायबरची होडीच घ्यावी.

पैसे देण्याआधी

होडी किनाऱ्यावर बघून पैसे देऊ नका. कमरेइतक्या पाण्यात न्या. जितके वजन रोज नेणार, तितके भरा. एका कडेला बसा. उभे राहा. मग रिकामी करून उलटी करा. उलटी झाली तरी होडी तरंगली पाहिजे. ज्या होडीत हवाबंद कप्पे किंवा तरंगणारा फोम नाही, ती पाणी भरल्यावर तुम्हाला आधार देईलच असे नाही. शेवटी घरातल्या माणसांना घेऊन ती चिखलावरून ओढून बघा.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात नोंदणी आणि परवाना यांची चौकशी करा. यासाठी महाराष्ट्रात १९८१ चा कायदा आहे. जुनी होडी घेताना तिचे कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या वाचण्यावर अंगठा उठवू नका.

तरंगते जाकीट अंगात घाला. ते होडीत नुसते पडून राहिले तर काय उपयोग? सावित्री आणि वाशिष्ठीच्या पात्रात मगरी आहेत. तिथे हातपाय पाण्यात सोडून बसू नका.

शेवट

आम्ही ती मोठी होडी तोट्यात विकली. समुद्रावर जाणाऱ्या माणसाने घेतली. त्याला ती चांगली लागली. आम्ही चौदा फुटांची सपाट तळाची होडी घेतली. तिला बघून कोणी थांबत नसे. पण ती वीतभर पाण्यात चाले. तीन वर्षांनी पाटल्या सोडवून आणल्या. आईने त्या हातात घातल्या नाहीत. डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "पुढं जाळ्याला लागतील."

आठवून सांगा

१. आमची पहिली होडी चिखलात का रुतली?
२. चतुर्थीला पूर्ण भरती किती वाजण्याच्या सुमारास येईल?
३. होडीचा सपाट तळ ३ चौरस मीटर आहे. एकूण वजन ३०० किलो आहे. होडी किती बुडेल?
४. तुमच्या गावच्या खाडीची किंवा नदीची खोली मोजा. भरतीचे आणि ओहोटीचे आकडे वहीत लिहा.