भिंती घासण्याचं काम

चि. छोटूस,



परवा रात्री ताईचा फोन आला. तुला गेम टेस्टरची ऑफर आलीय, पगार आयटीवाल्यांपेक्षा कमी आहे, तरी तू तीच घेणार म्हणतोस आणि बाबांनी दोन दिवस अबोला धरलाय, एवढं कळलं. "तू त्याला समजाव," असं ताई म्हणाली. मी तुला अडवणार नाही. चौदा वर्षं मी याच कामात आहे आणि आजही सकाळी ऑफिसला निघताना मला बरं वाटतं. पण इंटरव्ह्यूत तू म्हणालास, "मला लहानपणापासून गेमचं वेड आहे, मी कितीही तास काम करीन." ते ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे पत्र.

आधी बाबांचं. त्यांच्या लेखी गेमिंग कंपनी म्हणजे मोबाइलवरची रमी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तसल्या कंपन्यांतल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा त्यांची भीती उगाच नाही. तुझी कंपनी त्यातली नाही, हे वाद न घालता त्यांना नीट सांग.

आता काम. तिथे गेम खेळायचा नसतो रे. माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर माझ्या वाट्याला एक किल्ला आला होता. सहा आठवडे मी त्याच्या एकेका भिंतीला पात्र घासत फिरवलं. आधी चालत, मग पळत, मग उड्या मारत. कुठे ते भिंतीतून आरपार जातं का, कुठे कोपऱ्यात अडकून बसतं का, एवढंच बघायचं. लढाई नाही, गोष्ट नाही. रोज नवा बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, यायचा आणि काल तपासलेली भिंत आज पुन्हा तपासायची, कारण कुणीतरी तिकडचा दरवाजा दुरुस्त करताना इकडचा जिना मोडून ठेवलेला असायचा. गेम सेव्ह होत असताना मुद्दाम कंट्रोलर काढायचा. जर्मन भाषा लावून सगळे मेनू उघडायचे, कारण जर्मन शब्द लांबलचक, बटणाच्या चौकटीबाहेर सांडतात. बग सापडला की मग लिहायचं: कुठला बिल्ड, नेमकं काय काय केलं, दहा वेळा केल्यावर किती वेळा घडलं. आणि एवढं करून त्यावर "वोन्ट फिक्स", म्हणजे दुरुस्त करणार नाही, असा शेरा येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन रडले होते.

तरी हे काम मला का आवडतं, सांगते. एका गेममध्ये नायक मधूनच गायब व्हायचा. कुणालाच कारण सापडेना. चौथ्या दिवशी मला कळलं, पाऊस पडत असताना शिडीवर उभं राहून गेम सेव्ह केला तरच तो जातो. प्रोग्रामर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, मी करून दाखवलं आणि आम्ही दोघं ओरडलोच. हा आनंद खेळण्यातल्या आनंदाहून वेगळा असतो. तो तुला होतो का, हे आधी तपास. होत असेल तर तू या कामाचा माणूस आहेस.

पण हीच आवड पगारात धरली जाते. २००४ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका प्रोग्रामरच्या वाग्दत्त वधूने नाव न देता जाहीर पत्र लिहिलं होतं. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस काम, असं त्यात होतं. पुढे ओव्हरटाइमच्या दाव्यात कंपनीने चित्रकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पण या धंद्यातून क्रंच, म्हणजे मुदत गाठायला असं रात्रंदिवस राबणं, गेला नाही. कुणी तुला "थांब" म्हणत नाही. शेजारचा उठत नाही, म्हणून तूही उठत नाहीस. एका वर्षी गौरी जेवायला घरी होत्या आणि मी ऑफिसमध्ये पिझ्झा खात होते. ताईने सगळं एकटीने केलं. तो गेम पुढे बाजारात आलाच नाही. एका दुपारी मीटिंगला बोलावून प्रोजेक्ट बंद झाल्याचं सांगितलं आणि आमच्यातल्या कंत्राटी पोरांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं. त्या कंपनीवर मी रागावले होते, पण त्याहून जास्त स्वतःवर, कारण मला नको म्हणता आलं असतं.

असं होतं, आणि मोठ्या नावांच्या बाबतीतही होतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओत घडत होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो जाहीर झाला तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती. तारीख पुढे पुढे जात राहिली आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलला गेलं. आणि याच पुण्यात नॉडिंग हेड्सच्या छोट्या चमूने 'राजी' केला. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायला गेले, ते जमले नाहीत. तरी २०२० मध्ये गेम आला आणि जगभर खेळला गेला. तुझ्या वाट्याला यातलं काय येईल, ते मला सांगता येत नाही. म्हणूनच म्हणते, गेम बाहेर येईल तेव्हा सुख मिळेल, असं धरून चालू नको. शिडीवरचा बग सापडला, त्या दिवशीच ते घे.

आणि नाव. १९८० च्या सुमारास अटारी ही कंपनी आपल्या गेमवर बनवणाऱ्यांची नावं घालत नसे. तिथल्या वॉरन रॉबिनेटने आपल्या 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक राखाडी ठिपका दडवला. तो उचलून योग्य खोलीत नेला की भिंतीपलीकडे त्याचं नाव झळकायचं. कंपनीला पत्ता लागला तोवर तो नोकरी सोडून गेला होता. आजही कंत्राटी टेस्टरांची नावं श्रेयनामावलीतून सहज गळतात. माझं पहिल्या दोन गेममध्ये नाही. तिसऱ्यात आलं तेव्हा आजीला टीव्हीसमोर बसवून शेवटच्या पाट्या दाखवल्या होत्या, तुला आठवत असेल.

तेव्हा सही करण्याआधी एचआरला विचार, तू कायम आहेस की कंत्राटी, जादा तासांचं काय मिळतं, आणि काम संपण्याआधी सोडलं तरी नाव लागतं का. उत्तरं ईमेलवर घे. विचारायला लाजू नको. हे विचारल्यामुळे ऑफर गेली, तर ती जाऊ दे. आणि गोपनीयतेच्या करारावर सही केलीस की दोन-तीन वर्षं कुठल्या गेमवर आहेस, हे बाबांनासुद्धा सांगता येणार नाही. ते चिडतील. निदान कितीला घरी येणार, ते रोज सांगत जा.

शनिवारी जेवायला ये. कॉलेजात केलेला तो भुयाराचा गेम पेनड्राइव्हवर घेऊन ये. मला त्याच्या भिंती घासून बघायच्यात, आणि सापडेल ते बग तूच माझ्यासमोर बसून लिहून काढ.

तुझी,
मावशी