इंजिनाला शेड, आज्ञावलीला काय?

भुसावळात राहणाऱ्याला इंजिनाची शेड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. विजेचे इंजिन उत्तम चालत असले, तरी ठरावीक मुदत भरली की ते शेडमध्ये येते. ब्रेक, चाके, मोटारी, टपावरचा पेंटोग्राफ अशी एकेक गोष्ट तपासली जाते. काही वर्षांनी तर ते कारखान्यात नेऊन पुरते उघडतात. रेल्वेचे लोक त्याला 'पीओएच' म्हणतात. आमच्या शेजारी शेडमधून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. "काका, चालते इंजिन उघडायचे कशाला?" असे मी एकदा त्यांना विचारले. ते म्हणाले, "सर, ते बंद पडेल तेव्हा शेडमध्ये नसेल, रानात असेल!"

या देखभालीला पैसा लागतो, आणि तो कोठून यायचा हे रेल्वेत आधीच ठरलेले असते. नेहमीची दुरुस्ती चालू खर्चातून होते. जुने झालेले रूळ, डबे, इंजिने बदलता यावीत म्हणून १९२४ पासून 'घसारा निधी' नावाची वेगळी पुंजी ठेवलेली आहे. वस्तू वापरली की ती झिजते, आणि त्या झिजेची किंमत आजच बाजूला काढावी लागते, हा त्यामागचा विचार.

विद्यार्थी मित्रहो, आजच्या विज्ञानात एक साधन असे आहे की ज्याला चाक नाही, तेल नाही, गंज तर मुळीच चढत नाही. तरीही त्याला शेड लागते, आणि बहुतेक वेळा ती बांधायचे कोणाच्या ध्यानातच येत नाही. हे साधन म्हणजे संशोधनासाठी लिहिलेली संगणकाची आज्ञावली. संगणकाला द्यायच्या आज्ञांची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली, अर्थात प्रोग्राम. अशा आज्ञावल्यांना मिळून आपण सॉफ्टवेअर म्हणतो.

खोडदच्या तबकड्या

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद हे गाव आहे. तेथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'जीएमआरटी' ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

या दुर्बिणीला डोळा लावून काही दिसत नाही. प्रत्येक तबकडीकडून आकाशातील रेडिओलहरींचा संदेश येतो आणि दोन-दोन तबकड्यांचे संदेश एकमेकांशी ताडून पाहिले जातात. ३० तबकड्यांच्या जोड्या किती होतील? ३० ला २९ ने गुणून २ ने भागा. उत्तर येते ४३५. या ४३५ जोड्यांच्या तुलनेतून जे बाहेर पडते, ते चित्र नसून आकड्यांचा डोंगर असतो.

त्या डोंगरातून चित्र काढण्याचे काम आज्ञावली करते. माणसाच्या वापरातील रेडिओलहरींनी बिघडवलेल्या नोंदी ती आधी वेगळ्या काढते. मग ज्याचे तेज ठाऊक आहे अशा स्रोताशी ताडून बाकीचे आकडे दुरुस्त करते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना लहरी वाकतात, त्याचाही हिशेब करावा लागतो. शेवटी गणिताच्या साहाय्याने आकाशाचा नकाशा तयार होतो.

या कामाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर बहुतेक साऱ्या आकाशाची पाहणी केली. पुढे हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पॅम' या आज्ञावलीच्या मदतीने त्या नोंदींवर पुन्हा प्रक्रिया केली. २०१७ साली त्यांनी आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचे नकाशे आणि त्यांतील ६ लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध केली. तबकड्या त्याच, नोंदी त्याच. पण आज्ञावली नसती तर ते आकडे आकडेच राहिले असते.

गंज न चढता बिघाड

आज्ञावलीतील अक्षर न् अक्षर दहा वर्षांनंतरही जसेच्या तसे असते. मग ती बिघडते कशी?

पूर्वी आपल्या जिल्ह्यात पाचोरा ते जामनेर अशी नॅरोगेज गाडी धावत असे. तिचे इंजिन कितीही ठणठणीत असले, तरी ब्रॉडगेज रुळांवर ते चालले असते का? त्यात दोष इंजिनाचा नव्हे, खालचे रूळच बदललेले असतात. आज्ञावलीचे नेमके हेच होते.

कोणतीही आज्ञावली एकटी उभी नसते. जीएमआरटीच्या नोंदींसाठी पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी 'कॅप्चर' ही आज्ञावली तयार करून २०२१ साली प्रसिद्ध केली. ती 'कासा' नावाच्या मोठ्या आज्ञावलीसंचावर उभी आहे. कासा ज्यांवर उभी आहे त्यांत 'पायथॉन' ही संगणकभाषा आहे, आणि पायथॉन संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीवर. खालचा एक थर हलला की वरचे सगळे सावरावे लागतात. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आणि सर्वांना तिसऱ्या आवृत्तीकडे वळावे लागले. स्पॅम ही आज्ञावली दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली होती.

आवृत्ती बदलल्याने काय होते ते प्रयोगशाळेतील ओळखीच्या उदाहरणावर पाहू. साध्या लंबकाची लांबी १०४.४ सेंटिमीटर आहे आणि त्याच्या २० आंदोलनांना ४१ सेकंद लागले असे समजा. आवर्तकाल काढण्यासाठी ४१ ला २० ने भागायचे. तिसऱ्या आवृत्तीत उत्तर २.०५ येते आणि त्यावरून गुरुत्वत्वरण ९.८१ निघते. दुसऱ्या आवृत्तीत मात्र पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडत असे. म्हणून तेथे आवर्तकाल २ आणि गुरुत्वत्वरण १०.३० आले असते! ओळ एकच, उत्तरे दोन. आणि संगणक कसलीही तक्रार करत नाही. आज्ञावली बंद पडली तर निदान कळते तरी. ती चालू राहून चुकीचे उत्तर देऊ लागली, तर ती चूक थेट संशोधनाच्या निष्कर्षात जाऊन बसते. म्हणून जाणत्या माणसाने एकेक ओळ तपासणे अटळ असते, आणि जाणत्या माणसाला पगार लागतो.

बांधायला पैसा, राखायला नाही

येथेच खरी अडचण सुरू होते. संशोधनाला पैसा मिळतो तो बहुधा प्रकल्पावर, दोन-तीन वर्षांसाठी. त्या मुदतीत एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी आज्ञावली लिहितो, शोधनिबंध प्रसिद्ध होतो आणि प्रकल्प संपतो. विद्यार्थी दुसरीकडे नोकरीला जातो. आज्ञावली मात्र मागे राहते आणि इतर लोक ती वापरू लागतात. तिच्यातील चुका कोण दुरुस्त करणार? चुका दुरुस्त करून नवा शोधनिबंध होत नाही, आणि बढतीच्या वेळी मोजले जातात ते शोधनिबंध.

'नमपाय' या आज्ञावलीची कथा बोलकी आहे. मोठमोठ्या आकडेकोष्टकांवर झपाट्याने गणित करणारी ही आज्ञावली ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५-०६ च्या सुमारास सिद्ध केली. ती कोणालाही विनामूल्य मिळते. गुरुत्वीय लहरींचा शोध २०१६ साली जाहीर झाला आणि कृष्णविवराचे पहिले छायाचित्र २०१९ साली. या दोन्ही कामांत तिचा उपयोग झाला. पण खास तिच्या विकासासाठी म्हणून पहिला निधी मिळाला तो २०१७ साली, अमेरिकेतील मूर प्रतिष्ठानाकडून. म्हणजे जवळजवळ एक तप ही आज्ञावली मुख्यतः लोकांनी आपल्या फावल्या वेळात सांभाळली.

आता थोडा हिशेब करू. एक आज्ञावली लिहायला एका माणसाला तीन वर्षे लागली आणि पुढे तिची देखभाल करण्यात दरवर्षी त्याचा पाव वेळ जातो, असे समजा. बारा वर्षांत देखभालीचे पाव-पाव मिळून किती झाले? तीन वर्षे! बांधण्याइतकेच राखण्यालाही लागले. ज्याने फक्त पहिल्या तीन वर्षांचा पैसा दिला, त्याने निम्म्या कामाचाच पैसा दिला.

पैसा कोठून यावा?

पहिला मार्ग म्हणजे संस्थेने त्यासाठी कायमची माणसे नेमणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने 'एप्स' ही आज्ञावली १९७८ च्या सुमारास सुरू केली आणि चार दशके सांभाळली. जीएमआरटीच्या निरीक्षकांनीही ती वर्षानुवर्षे वापरली, आणि स्पॅमचाही पाया तीच होती.

दुसरा मार्ग देखभालीसाठीच वेगळे अनुदान देण्याचा. ब्रिटनमध्ये २०१० साली संशोधनाचे सॉफ्टवेअर टिकवण्यासाठी एक स्वतंत्र संस्था निघाली. अमेरिकेत चॅन-झुकरबर्ग या दात्यांच्या संस्थेने २०१९ पासून विज्ञानाला आवश्यक अशा खुल्या सॉफ्टवेअरला अनुदाने दिली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाला केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाकडून निधी मिळतो. विद्युतमंडलांची रचना करणारी 'ई-सिम' ही खुली आज्ञावली तेथेच तयार होते.

तिसरा मार्ग किंमत लावण्याचा. त्याने पैसा येतो खरा; पण आज्ञावली खुली नसेल तर आत नेमके कोणते गणित चालले आहे ते इतरांना तपासता येत नाही, आणि लहान गावातील महाविद्यालयाला ती परवडतही नाही.

मला वाटते, यांतला कोणताही मार्ग घेतला तरी घसारा निधीमागील विचार सोडून चालणार नाही. दुर्बिणीचा किंवा प्रयोगशाळेचा खर्च मांडतानाच आज्ञावलीच्या देखभालीची रक्कम त्यात धरली पाहिजे. उद्या ती मागून मिळेल, या भरवशावर राहू नये.

मग प्रत्येक आज्ञावली जन्मभर सांभाळायची काय? तसेही नव्हे. वाफेची इंजिने आपण निवृत्त केलीच की! परंतु ती निवृत्त करण्यापूर्वी त्यांची जागा घेणारी इंजिने तयार होती. आज्ञावली निवृत्त करतानाही जुन्या नोंदी नव्या आज्ञावलीत उघडतात याची खात्री करून घ्यावी, आणि जुनीचे गणित कागदावर लिहून ठेवावे. ठरवून निवृत्त करणे वेगळे आणि रानात बंद पडू देणे वेगळे.

आमच्या प्रयोगशाळेत आलेख काढण्यासाठी मीच एक छोटी आज्ञावली लिहिली होती. नवे संगणक आले आणि ती चालेना. दिवाळीच्या सुटीतले चार दिवस तिच्यात गेले. त्यातले दोन दिवस तर मीच तेव्हा काय लिहिले होते ते समजण्यातच गेले! तेव्हापासून मी पुढील सवय लावून घेतली आहे. तुम्हीही ती लावा.

करून पहा

१. आज्ञावली लिहिल्यावर वहीत तारीख, संगणकभाषेची आवृत्ती आणि प्रत्येक भागाचे काम लिहा.

२. हाताने सोडवलेले एक उदाहरण उत्तरासह शेजारी ठेवा. लंबकाचे वरील उदाहरण चालेल. संगणक किंवा आवृत्ती बदलली की आधी तेच उदाहरण सोडवून पहा. उत्तर ९.८१ आले तर पुढे जा.

३. आपल्या शाळेतील एखादे उपकरण निवडा. ते घ्यायला किती पैसे लागले आणि गेल्या पाच वर्षांत दुरुस्तीला किती लागले, हे शिक्षकांना विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच सांगता आले नाही, तर या लेखातील अडचण किती जवळ आहे हे तुमच्या ध्यानात येईल.