पक्षाघाताची आत्ययिक अवस्था आणि दूरवैद्यक : ग्रामीण वैद्याचे कर्तव्य

पक्षाघात हा व्याधी आपणास नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात त्याचे वर्णन व चिकित्सासूत्र आले आहे. अभ्यंग, स्वेदन, बस्ती यांसाठी रुग्ण आपल्याकडे येतात, ते बहुधा पंधरवड्याने किंवा महिन्याने. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पहिले काही तास हा आहे. त्या वेळी मसुऱ्यासारख्या गावातील वैद्याच्या हाती सर्वांत उपयुक्त साधन कोणते, तर मोबाइल.

दोन रुग्णानुभव

व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका रुग्णास मी वातव्याधी समजून प्रथम तैलाभ्यंग केले आणि दोन तासांनी पुढे पाठविले. तोवर मुदत टळली होती. ती चूक माझी होती.

त्यानंतर काही वर्षांनी सकाळी साडेआठला एका घरून बोलावणे आले. वृद्ध गृहस्थांचे तोंड वाकडे, उजवा हात-पाय निर्बल, वाणी अस्पष्ट होती. सून म्हणाली, ‘‘आबा राती जेवान निजले, सकाळी उठाक जमाक नाय.’’ म्हणजे रात्री दहापासून वेळ मोजणे प्राप्त होते. इतक्यात मुंबईहून मुलाचा फोन आला. पहाटे वडिलांशी बोलल्याचे त्याने सांगितले. मोबाइलमधील नोंद पाहिली, तर ६ वाजून ४० मिनिटांनी संभाषण झाले होते आणि बोलणे स्वच्छ होते. साडेदहा तासांचे दोन तासांहून कमी झाले. ही वेळ रुग्णालयास आधीच कळविली व रुग्णास औषध मुदतीत मिळाले. हातात थोडी दुर्बलता राहिली. परंतु वाणी परत आली.

वेळेचे शास्त्र

मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नलिकेद्वारे काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. ही वेळ रुग्ण शेवटचा सुस्थितीत दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेतून उठताना लक्षणे दिसली तरीही रुग्णास त्वरित पाठवावे. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही.

दूरवैद्यकाचा उपयोग

‘टेलिस्ट्रोक’ ही संकल्पना १९९९ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. दूरचा मज्जाविकारतज्ज्ञ पडद्यावर रुग्ण व सीटीची प्रतिमा पाहून निर्णय देतो. हिमाचल प्रदेशातील डोंगराळ जिल्ह्यांत डॉक्टरांनी साध्या स्मार्टफोनवरून तज्ज्ञांचा सल्ला घेऊन असे उपचार केले आहेत. आपल्या राज्यात इस्रोच्या साहाय्याने झालेल्या दूरवैद्यक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी सिंधुदुर्गचे जिल्हा रुग्णालय जोडले गेले होते. म्हणजे ही कल्पना आपल्या जिल्ह्यास परकी नाही. बांबोळीपर्यंतचा प्रवास शंभर किलोमीटरांहून अधिक असल्याने निघण्यापूर्वीचा फोन महत्त्वाचा ठरतो.

आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आत्ययिक अवस्थेत दूरसल्ला हा प्रत्यक्ष उपचारास पर्याय नव्हे, हे विसरू नये.

वैद्य व औषधविक्रेते यांनी पाळावयाचे नियम

१. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अकस्मात दिसल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा.

२. शेवटच्या सुस्थितीची वेळ कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्यावी.

३. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयास आधी फोन करून वेळ, रक्तदाब, रक्तशर्करा व चालू औषधे कळवावी.

४. तोंडाने पाणी, काढा, गुटिका काहीही देऊ नये; गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. अॅस्पिरिनही सीटीपूर्वी देऊ नये.

५. अभ्यंगासाठी थांबू नये.

पश्चात् चिकित्सा

रुग्ण स्थिर होऊन घरी परतल्यावर आपले कार्य सुरू होते. नातेवाइकांनी डिजिटल यंत्रावरील रक्तदाबाचे आकडे व रुग्णाच्या चालण्याचे चित्रण आठवड्यातून एकदा मोबाइलवर पाठविल्यास प्रगती पाहता येते. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद झाल्या आहेत का, हे औषधविक्रेत्यांनी विचारावे. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास गुग्गुळ वा लसूणकल्प देण्यापूर्वी मूळ डॉक्टरांशी बोलावे.

तैल आपल्या कपाटात आहेच; ते महिन्यानंतरही उपयोगी पडेल. पहिला फोन मात्र त्याच क्षणी करावा लागतो. तो नंबर आजच दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती.