बाँडवरच्या फारकतीने लग्न मोडत नाही

प्रश्न : माझं माहेर कळंब तालुक्यात, सासर भूम तालुक्यात. लग्न 2017 साली झालं. मालक चाकणला कंपनीत आहेत. मारहाणीला कंटाळून तीन वर्षांपासून मी माहेरी आहे. मागच्या वर्षी दोन्हीकडच्या पंचांनी बैठक बसवली, पाचशेच्या बाँडवर फारकत लिहिली, नोटरीचा शिक्का मारला, माझ्या हातावर 1 लाख रुपये ठेवले आणि ‘पुढे पोटगी मागणार नाही’ असं लिहून घेतलं. सही मी केली, पण सगळ्यांच्या दबावाने. सहा वर्षांचं लेकरू माझ्याजवळ आहे. आता मालकांची दुसरी सोयरीक जुळल्याचं कानावर आलंय. भाऊ म्हणतो, विषय संपला. ओळखीचे एक वकील म्हणतात, आधी न्यायिक विभक्तता घे. मी मोकळी झाले का? पोटगी मिळेल का? कोर्टाचा खर्च मला झेपणार नाही.
– एक भगिनी, कळंब तालुका

उत्तर : ताई, कायद्याने तुम्ही आजही त्यांच्या पत्नी आहात. हिंदू विवाह कायदा, 1955 खालचं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. पंचांना किंवा नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने तर ऑक्टोबर 2024 मध्ये नोटरींना लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका, असं लेखी बजावलं आहे. अपवाद एकच. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी, अखंड रूढी असेल तर कायद्याचं कलम 29(2) ती मानतं. पण ‘आमच्यात चालतं’ एवढं म्हणून भागत नाही. अशी रूढी न्यायालयात स्पष्ट मांडून सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव वि. निर्मला या 2002 च्या निकालात सांगितलं. त्यामुळे तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर नाही.

तो बाँड मात्र फाडू नका. तुम्ही दोघं कधीपासून वेगळे राहता, याचा तो लेखी पुरावा आहे.

आता पोटगी. तुमच्या पत्रातली सगळ्यात निकडीची गोष्ट हीच आहे, घटस्फोट नंतर पाहू. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 125 हे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं आहे. त्याखाली अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात करता येतो, चाकणला खेपा घालाव्या लागत नाहीत. ‘पोटगी मागणार नाही’ ही ओळ तुम्हाला अडवू शकत नाही, कारण असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटलं आहे. पण एका ठिकाणी सावध राहा. पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर या कलमाखाली पत्नीला पोटगी मिळत नाही, आणि समोरचे वकील तुमची सही दाखवून नेमकं हेच म्हणतील. म्हणून मारहाणीमुळे घर सोडावं लागलं आणि सही दबावाखाली झाली, हे अर्जात पहिल्याच पानावर तारखांसकट लिहा. दवाखान्याचे कागद, पोलिसांकडे दिलेली तक्रार, शेजाऱ्यांची साक्ष, जे असेल ते जोडा. लेकराच्या पोटगीला तर तुमच्या सहीने काहीच बाधा येत नाही. त्याचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, तो कोणी 1 लाखात सोडून देऊ शकत नाही.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश वि. नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दोन गोष्टी ठरवून दिल्या. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे अर्जाला जितका उशीर, तितकं तुमचंच नुकसान. पतीच्या पगाराची पावती, पीएफचा क्रमांक, गावाकडच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, जे मिळेल ते आजच गोळा करायला लागा. मारहाण झाली असल्याने 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही अर्ज करता येतो. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी मदत करतात.

सोयरिकीचं म्हणाल तर, पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरतं. लग्न ठरल्याचा पुरावा हाती असेल तर दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागता येईल. लग्न उरकलंच, तर पत्रिका, फोटो, विधींचं चित्रीकरण आणि हजर असलेल्यांची नावं मिळवा. 1965 सालच्या भाऊराव लोखंडे खटल्यात, तो महाराष्ट्रातलाच, दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून आरोपी सुटले होते. नुसतं ‘दोघं एकत्र राहतात’ एवढ्यावर हा गुन्हा शाबीत होत नाही.

वकिलांनी सुचवलेली न्यायिक विभक्तता हिंदू विवाह कायद्याच्या कलम 10 खाली मिळते. तिच्यात एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, लग्न तसंच राहतं. त्यानंतर वर्षभर संसार पुन्हा सुरू झाला नाही, तर त्या आधारावर घटस्फोट मागता येतो. ज्यांना विचाराला अवधी हवा, त्यांना ती उपयोगी पडते. तीन वर्षं माहेरी काढलेल्या तुम्हाला हा मधला टप्पा कशासाठी हवा, ते मला कळत नाही.

तुम्हालाही मोकळं व्हायचं असेल तर कलम 13-ब, म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट, हा कमी त्रासाचा रस्ता. एक वर्ष वेगळं राहणं पुरतं. दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा न्यायालयापुढे संमती सांगायची. बराच काळ वेगळे राहून सगळे व्यवहार मिटले असतील तर हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं 2017 च्या अमरदीप सिंग निकालात म्हटलं आहे. पण तुमची पोटगी किंवा एकरकमी रक्कम, लेकराचा खर्च, त्याच्या भेटीगाठी, तुमचं स्त्रीधन, हे सगळं अर्जात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हेही ध्यानात असू द्या. पती तयार नसतील तर क्रूरतेच्या आधारावर तुम्ही एकट्याही अर्ज करू शकता. 2003 च्या दुरुस्तीमुळे पत्नीला स्वतः राहते तिथल्या न्यायालयात हा अर्ज दाखल करता येतो. निकाल दिवाणी न्यायालयाचा असेल तर अपील जिल्हा न्यायालयात, कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयात जातं.

खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न किती आहे हे न विचारता, मोफत वकील मिळतो. धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. राज्य सरकारच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेमुळे पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. जाताना बाँडची प्रत, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, आधार, रेशनकार्ड आणि मुलाचा जन्मदाखला सोबत न्या. आणि पुढे घटस्फोटाचा हुकूमनामा एकट्याच्या अर्जावर झाला, तर अपिलाची 90 दिवसांची मुदत उलटेपर्यंत दोघांनीही दुसरं लग्न करायचं नाही.