बियाण्यातील तेल आणि भुईमुगाची उगवण

भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. ही अंकुराची शिदोरी होय. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर तेलापासून ९.

तेल, तूप, मेण हे सर्व स्निग्ध पदार्थ होत. ते पाण्यात विरघळत नाहीत. ज्वारीच्या ताटावरील पांढुरकी भुकटी मेणच असून ती ताटातील ओल राखते. तेलाचा रेणू ग्लिसरॉल व त्यास जोडलेली तीन मेदाम्ले यांचा बनतो. मेदाम्लाच्या कार्बन-साखळीत द्विबंध असेल तर ते असंतृप्त म्हणावे. अशा साखळ्या वाकड्या असल्याने दाटीने बसत नाहीत. म्हणूनच थंडीत तूप थिजते व करडईचे तेल पातळ राहते. एका मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटयुक्त गट आला की फॉस्फोलिपिड होते. पेशींची आवरणे मुख्यत्वे याची असतात.

द्विबंधावर हवेतील प्राणवायूची क्रिया होऊन तेल खवट होते. ओल व उष्णता यांनी बिघाड लवकर होतो. पेशींची आवरणेही याच रीतीने निकामी होतात. मग दाणा भिजताच आतील साखर व क्षार बाहेर झिरपतात आणि कोंब येत नाही. दाणा मात्र वरून टपोराच दिसतो, आणि शेतकरी पावसाला दोष देतो!

यास्तव बियाणे चांगले वाळवून शेंगांतच साठवावे. पेरणीच्या थोडे दिवस आधी शेंगा हाताने फोडाव्यात व दाण्याची तांबडी साल निघू देऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजून दाखवावी. ७० पेक्षा कमी दाणे उगवल्यास ते बियाणे घाण्याकडे पाठवावे.