पक्षपद्धतीची घडण आणि सोलापूरची १९५२ ची निवडणूक

दहावीच्या राज्यशास्त्रात राजकीय पक्षांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. काही वर्षांपूर्वी ते शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, आपला पक्ष कोणत्या पानावर आहे?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, पण उत्तर मात्र त्या दिवशी देता आले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडील पक्षपद्धतीचा इतिहास बहुधा काँग्रेसपासून सुरू होतो आणि काँग्रेसच्या ऱ्हासापाशी संपतो. १९६० च्या दशकात रजनी कोठारी यांनी या रचनेस 'काँग्रेस व्यवस्था' असे नाव दिले. एक मोठा पक्ष मध्यभागी, सर्व हितसंबंध त्याच्या पोटात आणि विरोधक कडेला उभे राहून दबाव आणणारे, असे तिचे स्वरूप होते. हे वर्णन यथार्थ आहे. परंतु कडेला उभे असणाऱ्यांना ही व्यवस्था कशी दिसली, हे जाणून घ्यावयाचे तर सोलापूरसारखे दुसरे ठिकाण नाही.

पूज्य बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. नावात जात नव्हती, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आले. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील जिवाप्पा ऐदाळे हेही होते. खोती नष्ट करण्याचे विधेयक, जानेवारी १९३८ मधील शेतकऱ्यांचा विधिमंडळावरील मोर्चा, त्याच वर्षी ७ नोव्हेंबरचा कामगारांचा संप ही या पक्षाची कामगिरी होय. १९३८ च्या जानेवारीतच सोलापूर नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. ज्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे त्या सर्वांचे लोकशाहीने आदराने ऐकले पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. एकाच पक्षाचा जयघोष चालू असण्याच्या त्या काळात हे गिरणगावात येऊन सांगावे लागले.

१९४२ साली क्रिप्स योजना आली. तीत अस्पृश्यांच्या स्वतंत्र मागणीस स्थान नव्हते. जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. मजुरांचा पक्ष मागे पडून जातींचा पक्ष पुढे आला, यास काही अभ्यासक माघार म्हणतात. आम्हांस ती परिस्थितीने लादलेली निवड वाटते. पुणे कराराने घालून दिलेली रीत अशी होती की, राखीव जागेसाठी प्राथमिक निवडणुकीत केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावयाचे आणि अंतिम निवड सर्वांनी मिळून करावयाची. १९४५-४६ साली प्राथमिक फेरीत फेडरेशनचे उमेदवार पुढे राहिले आणि अंतिम फेरीत जवळजवळ सर्वत्र पडले. आपल्यांनी निवडलेला प्रतिनिधी इतरांच्या मतांनी बाद होतो, याचा असा रोकडा पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो.

आता १९५२ कडे वळू. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फेडरेशनला लोकसभेच्या अवघ्या दोन जागा मिळाल्या. मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. दोन जागांपैकी एक करीमनगरची होती आणि दुसरी आपल्या सोलापूरची. येथून पां. ना. राजभोज निवडून आले.

त्या वेळी सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते असत आणि ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. परंतु हत्तीची पेटी कशी शोधली, चिठ्ठी आत पडल्याचा आवाज झाला की नाही हे कान लावून कसे ऐकले, याचे वर्णन ती अखेरपर्यंत करीत असे. दुसरे मत कोणास दिले, हे मात्र तिने कधी सांगितले नाही.

आमच्या मते त्या दुसऱ्या मतातच सोलापूरच्या निकालाचे मर्म आहे. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे विजयी झाले. म्हणजे दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. शेतकरी बहुजनांची आणि दलितांची दुसरी मते काही प्रमाणात तरी परस्परांकडे गेल्यावाचून असे घडणे अवघड होते, असे आमचे अनुमान आहे. शिवाय राजभोज हे चर्मकार समाजाचे, आणि पुणे कराराच्या काळात बाबासाहेबांच्या विरोधी बाजूस असलेले. त्यांना फेडरेशनने उमेदवारी दिली आणि बुधवार पेठेसारख्या वस्त्यांनी ते आपलेच मानले. आज पोटजातींच्या बैठका निरनिराळ्या भरतात, तेव्हा आम्हांस त्या पेटीची आठवण होते.

पुढे काय झाले? राजभोज काँग्रेसमध्ये गेले. मोरेही काँग्रेसमध्ये गेले आणि १९६२ साली पुण्यातून त्या पक्षाचे खासदार झाले. यशवंतरावांचे बेरजेचे राजकारण ज्यास म्हणतात, ते वजाबाकी झालेल्यांच्या बाजूने पाहिले की असे दिसते.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत विरोधक एकवटले आणि लोकसभेत फेडरेशनचे ६ सदस्य गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. तो सर्व शोषितांचा व्हावयाचा होता. परंतु दोन वर्षांच्या आत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. समिती विसर्जित झाली. द्विसदस्य मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. १९६२ साली उत्तर प्रदेशातून पक्षाचे तिघे लोकसभेवर गेले, महाराष्ट्रातून एकही नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. तुरुंग भरणारा हा पक्ष मतपेटी मात्र भरू शकला नाही.

फुटीचे सारे खापर नेत्यांच्या स्वार्थावर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. तो स्वार्थ होताच. पण आणखी एक गोष्ट आपण विसरतो. धम्मदीक्षेनंतर ज्यांनी कागदोपत्री स्वतःस बौद्ध नोंदविले, त्यांना १९९० पर्यंत राखीव मतदारसंघातून उभेच राहता येत नव्हते. प्रामाणिक नोंदीची ही किंमत चौतीस वर्षे मोजली गेली.

ऐक्य झाले की काय घडते, हे १९९८ ने दाखविले. अकोला, अमरावती, चिमूर आणि मुंबई उत्तर-मध्य येथून अनुक्रमे प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले असे चौघे लोकसभेवर गेले. चारही जागा सर्वसाधारण होत्या, आणि पाठीशी काँग्रेसची मते होती. वर्षभरात ऐक्य विरले. हत्ती तर केव्हाच कांशीरामांच्या पक्षाकडे गेला होता. ज्यांनी रिपब्लिकन पक्षाची दैना पुण्यात राहून जवळून पाहिली होती, तेच हे कांशीराम.

२०१९ साली सोलापूर पुन्हा चर्चेत आले. प्रकाश आंबेडकर येथून उभे राहिले आणि त्यांना सुमारे १ लाख ७० हजार मते पडली; जागा भाजपला गेली. ही मते 'कोणाची खाल्ली' असा वाद आमच्या शिक्षक-खोलीतही रंगला. मत हे एखाद्या पक्षाच्या ताटातले असते, ही कल्पनाच आम्हांस मान्य नाही, एवढे आम्ही तेथे बोललो व गप्प बसलो.

त्या विद्यार्थिनीस आता सांगावेसे वाटते, तुझे पान पुस्तकात आखडते आहे. परंतु ते अनेक घरांच्या ट्रंकांत पडून आहे. १९५२ किंवा १९५७ ची हस्तपत्रके, सभासद-पावत्या, छायाचित्रे ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी असतील, त्यांनी ती विद्यालयाच्या ग्रंथालयात आणून दाखवावीत. आम्ही प्रती काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करू.