जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नका

यझ्दी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० चंही उत्पादन थांबलं. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, तेव्हा नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. यझ्दी हे नाव २०२२ मध्ये परत आलं खरं, पण फ्युएल इंजेक्शन घेऊन. तिच्यातलं काहीही जुन्या यझ्दी रोडकिंगच्या कार्बोरेटरला लागत नाही.

त्यामुळे पनवेलसारख्या गावात जुनी टू-स्ट्रोक सांभाळणारे सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत खेपा घालतात. बहुतेक वेळा हाती येतं ते डुप्लिकेट किट. त्यातलं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि जेटवर कोरलेला आकडा भोकाशी जुळेलच, याची खात्री नसते.

हा आकडा किती महागात पडतो, ते माझ्या यझ्दीने दाखवलं. जिकोव्ह कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकत होतं. गॅरेजवाल्याने नवा डुप्लिकेट चढवला आणि जुना भंगाराच्या डब्यात टाकला. पनवेलच्या सपाट रस्त्यांवर गाडी झकास पळाली. पळस्पे फाटा गेला, खोपोली गेली आणि बोरघाटाच्या चढावर पिस्टन सीझ झाला. मेन जेट बारीक होता. यझ्दीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं आणि त्यात इंजिन तापतं. सगळा बिघाड खरं तर पितळी फ्लोटला पडलेल्या सुईएवढ्या भोकाचा होता!

असा फ्लोट दुरुस्त होतो. कानाजवळ हलवला की आत शिरलेलं पेट्रोल वाजतं. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात (पाणी तापवल्यावर गॅस बंद करायचा आणि मगच फ्लोट आणायचा). आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाफही उडून गेल्याशिवाय डाख द्यायला बसू नये. बंद फ्लोटमधली वाफ स्फोट करते. डाखही अगदी थोडा हवा. फ्लोट जड झाला की खोल बसतो, बाऊलमधली पातळी चढते आणि पुन्हा ओव्हरफ्लो सुरू होतो. फ्लोट धड असूनही टपकत असेल, तर निडलचं टोक नखाने चाचपावं. तिथे गोल खाच लागली की निडल गेली.

जेट साफ करताना पोलादी तार किंवा टाचणी घालणारा कारागीर दिसला, तर त्याचा हात धरावा. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि डोळ्यांना ते कळतही नाही. क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरची हवा मारणं पुरतं. लिंबू-व्हिनेगरचे उपाय बॉडीवर करू नयेत. ती बहुतेकदा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि आम्ल तिला खातं. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती आटे बसले ते लिहून ठेवावं.

आयडलिंग काही केल्या ठरत नसेल, तर जेटमागे लागण्याआधी फ्लँज बघावा. नट करकचून आवळल्याने तो वाकतो आणि फटीतून हवा ओढली जाते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो घासला की सपाट होतो. स्लाइड झिजून खुळखुळत असेल, तर मात्र चांगला लेथवाला गाठावा लागतो. गॅस्केट घरी कापता येतं, त्याच्या जागी सिलिकॉन फासू नये. पेट्रोलने ते सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पनवेलच्या पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करावा. टाकी आतून गंजलेली असेल, तर आधी ती साफ करावी, नाहीतर कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा तुंबतो.

नवा कार्बोरेटर बसवायची वेळ आलीच, तर गॅरेजमधून निघताना जुना मागून घ्या, त्याच्या जेटांसकट.